संगीत परिषदेला पहिल्यांदा जाणाऱ्या गीतकारासाठी: काय न्यावं, कुठे बसावं, काय विचारावं

मी नाशिकची. बारा-तेरा वर्षं गाणी लिहिते आहे. आधी एकांकिका आणि बालनाट्यांसाठी लिहायचे, मग युट्यूबवर येणाऱ्या स्वतंत्र मराठी गाण्यांसाठी लिहायला लागले. मुंबईतल्या एका संगीत परिषदेला पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत चाळीस गीतांची झेरॉक्स होती, स्पायरल बाइंडिंग करून घेतलेली. कुणीतरी मोठ्या माणसाने ती हातात घ्यावी एवढीच इच्छा होती. दोन दिवसांत ती वही कुणीच उघडली नाही. पण त्याच दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली: माझी आठ गाणी बाजारात आहेत, लोक ती ऐकताहेत आणि गीतकार म्हणून माझी नोंद कुठेही नाही.

पुढच्या वेळी गेले ती वेगळ्या तयारीने. तुमची पहिली खेप फुकट जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. परिषदेत गाणं विकलं जात नाही, निदान नवख्याचं तरी नाही. आपण लिहून दिलेल्या गाण्याचं पुढे काय होतं, हे मात्र तिथे जितकं उलगडतं तितकं मला दुसरीकडे कुठेच कळलं नव्हतं.

१. कुठे जायचं ते आधी ठरवा

परिषद म्हणजे मैफल नाही. संध्याकाळी गाणं-बजावणं असतं, पण दिवसभर लेबलवाले (गाणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणणारे), पब्लिशर (शब्द-चालीच्या हक्कांचा व्यवहार पाहणारे), वितरक, वकील, अ‍ॅपवाले आणि कलाकार व्यासपीठावर बसून धंद्याचं बोलतात. मुंबईत ‘ऑल अबाउट म्युझिक’ ही परिषद २०१७ पासून होते. १ ते ४ मे २०२५ ला वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ झाली, तिच्यात चित्रपट, गेमिंग, अ‍ॅनिमेशन असं बरंच काही होतं आणि संगीत हा त्यातला एक भाग.

पासला पैसे पडतात. तारखा जाहीर झाल्या झाल्या नोंदणी केली तर बहुतेक ठिकाणी सवलत मिळते. विद्यार्थ्यांसाठी किंवा स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळा दर आहे का, हे ईमेल करून विचारा. नुसत्या विचारण्याने मला एकदा चांगली सूट मिळाली आहे.

खर्च झेपत नसेल तर सुरुवात दुसरीकडून करा. आयपीआरएस, म्हणजे गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर यांची १९६९ पासूनची संस्था, वेगवेगळ्या शहरांत कार्यशाळा घेते. आधी तिथे बसून रॉयल्टीची, म्हणजे गाणं वापरलं गेलं की मिळणाऱ्या वाट्याची, बाराखडी शिका आणि मग मोठ्या परिषदेला जा. बाराखडी येत नसताना व्यासपीठावरचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं, माझं गेलं होतं.

एक सावधगिरी. परिषदेच्या आगेमागे व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात: “अमुक हजार भरा, तुमचं गाणं मोठ्या लेबलला ऐकवतो.” माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असे पैसे भरले, पुढे फोन लागला नाही. परिषदेच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत जे छापलेलं नाही त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

२. जाण्याआधी नाव एक करा

हे काम किरकोळ वाटेल, पण माझे सगळ्यात जास्त महिने यातच गेले. माझ्या आठ गाण्यांपैकी तीन माहेरच्या आडनावाने आली, तीन सासरच्या आणि दोन टोपणनावाने. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक चॅनलवाल्याने आपापल्या मनाने केलेलं, कुठे एक ‘ए’, कुठे दोन. संगणकाच्या लेखी या पाच वेगळ्या बायका होत्या.

म्हणून आधीच ठरवा: पॅनकार्डावरचं नाव कायदेशीर नाव म्हणून, आणि गाण्यावर दिसणारं एकच लेखननाव, एकाच स्पेलिंगमध्ये. आयपीआरएसचं सभासदत्व घेताना दोन्ही द्या. सभासद झाल्यावर गीतकाराला आयपीआय क्रमांक मिळतो. हा क्रमांक जगभरच्या अशा संस्थांमध्ये चालतो, त्यामुळे पुढे नावाचा घोळ झाला तरी क्रमांकावरून माणूस सापडतो.

मग एक तक्ता करा. गाण्याचं नाव, प्रसिद्धीची तारीख, संगीतकार, गायक, लेबल किंवा चॅनल, लिंक आणि कागद काय झाला होता. शेवटच्या रकान्यात ‘तोंडी’ असं लिहावं लागलं तरी लिहा. माझ्या तक्त्यात ‘तोंडी’ पाच वेळा होतं.

३. पिशवीत काय हवं

- ओळखपत्र आणि पासची छापील प्रत. दारावर मोबाइलचं नेटवर्क गेलेलं असतं.
- गाण्यांचा तक्ता, दोन प्रती.
- आतापर्यंत केलेल्या करारांच्या, व्हाउचरच्या, मानधनाच्या मेसेजच्या प्रती. मूळ कागद घरीच ठेवा.
- तीन गाणी मोबाइलमध्ये, इंटरनेटशिवाय वाजतील अशी. तीनच. तुमचं सगळ्यात चांगलं आधी.
- त्या तीन गाण्यांचे शब्द एकेका पानावर, देवनागरीत. अमराठी संगीतकारासाठी खाली दोन ओळींत अर्थ.
- साधं कार्ड: नाव, गीतकार, कोणत्या भाषेत लिहिता, फोन, आणि तिन्ही गाणी उघडतील असा क्यूआर कोड.
- कोऱ्या स्प्लिट शीट, चार-पाच. त्याबद्दल पुढे सांगते.
- वही, दोन पेनं, पाण्याची बाटली, इअरफोन, पॉवर बँक.

नाशिककरांसाठी एक: पंचवटी एक्स्प्रेसने त्याच दिवशी निघू नका, सकाळचं पहिलं सत्र हुकतं. हक्क आणि करारांची सत्रं मला तरी सकाळीच भेटली आहेत. आदल्या रात्री मुंबईत पोहोचा.

४. ज्या सत्रांना गर्दी नसते तिथे बसा

प्रसिद्ध गायकाच्या गप्पांना दालन भरून वाहतं. ‘पब्लिशिंग’, ‘रॉयल्टी’, ‘लायसन्सिंग’ (वापराचे परवाने), ‘मेटाडेटा’ (गाण्याबरोबर जाणारी नावं-क्रमांकांची माहिती) असे शब्द ज्या सत्राच्या नावात असतात तिथे खुर्च्या रिकाम्या असतात. गीतकाराने तिथेच पहिल्या रांगेत बसावं. मला तिथे काय मिळालं ते जरा विस्ताराने सांगते.

पहिली गोष्ट: आपण ज्याला ‘गाणं’ म्हणतो त्यात मालमत्ता दोन असतात. शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही एक, आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. ध्वनिमुद्रणाची ओळख आयएसआरसी या बारा अक्षर-अंकांच्या क्रमांकाने होते, तो लेबल किंवा वितरक घेतो. रचनेची ओळख आयएसडब्ल्यूसी या क्रमांकाने होते, तो ‘टी’ अक्षराने सुरू होतो. आमचं गाणं स्पॉटिफायवर चढलं तेव्हा पहिला क्रमांक होता. दुसऱ्याचं नावही मी ऐकलं नव्हतं, आणि माझं सगळं त्या दुसऱ्यात होतं.

मला हे नीट समजलं ते एका उदाहरणाने. समजा नाशिकच्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहात तिकीट लावून वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला आणि तुमचं गाणं तिथल्या गायिकेने तिथल्याच वादकांबरोबर गायलं. लेबलचं ध्वनिमुद्रण वाजलंच नाही. पण शब्द वापरले गेले, चाल वापरली गेली. म्हणजे आयोजकाने रचनेसाठी परवाना घ्यायला हवा, आणि कोणती गाणी झाली याची यादी संस्थेला द्यायला हवी. यादीत तुमचं गाणं असेल आणि संस्थेकडे त्या गाण्यावर तुमचं नाव असेल तरच पैसा तुमच्यापर्यंत येण्याची वाट तयार होते. दोन्हींपैकी एक नसेल तर ती वाट तिथेच तुटते. युट्यूब, स्पॉटिफाय अशा मंचांशीही आयपीआरएसचे करार आहेत, आणि तिथेही नोंद नसेल तर तेच होतं.

दुसरी गोष्ट करारांची. एका वकीलबाईंनी पडद्यावर कराराचा नमुना लावला आणि एकेक कलम वाचत गेल्या. मी माझा जुना कागद पिशवीतून काढून मांडीवर ठेवला. एकच पान होतं: “सदर गीताचे सर्व हक्क रु. ५,००० एकरकमी स्वीकारून कायमस्वरूपी हस्तांतरित करीत आहे.” खाली माझी सही, ठळक आणि वळणदार. त्या दिवशी ती पाहताना पोटात खड्डा पडला.

पण पुढच्या अर्ध्या तासात धीरही आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तिच्यासाठी राज्यसभेत बोलले होते, हे अनेकांना आठवत असेल. ती दुरुस्ती धरून या कायद्यातलं गीतकाराच्या कामाचं हे:

चित्रपटात वापरलेल्या गीताच्या रॉयल्टीतला आपला हक्क गीतकाराला सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं तो वापर सोडला, तर इतर वापरांच्या रॉयल्टीत ज्याला हक्क दिले त्याच्याबरोबर समान वाटा राहतो. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यालाही असंच संरक्षण आहे. हा हक्क फक्त आपल्या वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. म्हणजे ‘सर्व हक्क’ लिहिलेल्या कागदावर सही झाली असली तरी हा वाटा त्या सहीने जात नाही.

करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. माझ्या कागदात मुदत ‘कायमस्वरूपी’ होती, पण प्रदेशाचा उल्लेखच नव्हता! करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा कागदात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हस्तांतरणात येत नाही. आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपतं. आपल्याकडे गाणी लिहून घेऊन वर्षानुवर्षं दाबून ठेवतात, त्यांच्यासाठी हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट मुदतीची. गीतकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षं शब्दांवर कॉपीराइट राहतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरमध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा कॉपीराइट २०३७ संपेपर्यंत चालतो. हे ऐकलं त्या रात्री मी माझा तक्ता कुठे ठेवलाय ते मुलीला फोन करून सांगितलं.

सत्र संपल्यावर वक्त्याला गाठून एकच प्रश्न विचारा, तोही लिहून आणलेला. “माझं काय होईल?” असं विचारलं तर उत्तर मोघम मिळतं. “२०१६ चा करार आहे, प्रदेश लिहिलेला नाही, गाणं चित्रपटाबाहेरचं आहे, आज मी रचनेची नोंद करू शकते का?” असं विचारलं तर माणूस थांबतो. पण तिथे मिळालेलं उत्तर सर्वसाधारण समजा, आपला कागद स्वतंत्रपणे वकिलाला दाखवाच.

५. लिखाणाची कार्यशाळा असेल तर ती चुकवू नका

काही परिषदांत तिघा-तिघांना एका खोलीत बसवतात: एक संगीतकार, एक गायक, एक गीतकार. दोन-तीन तासांत गाणं करायचं. घरी एकटीने लिहायची सवय असल्यामुळे मला आधी घाम फुटला होता.

संगीतकाराने डमी शब्दांवर चाल ऐकवली. मी मुखड्याला ‘आठवण येते सांजवेळी’ असं दिलं. कागदावर छान दिसत होतं, मात्राही जुळत होत्या. गायिकेने म्हटलं तेव्हा चालीतला ठेका ‘आठ’वर पडला, तिथे तिने सूर लांबवला आणि ‘वण’ पुढच्या आवर्तनात गेलं. ऐकणाऱ्याला आधी ऐकू आलं ‘आठ’. आकडा! तिघंही थांबलो. मी शब्द फिरवला, ‘याद’ टाकून पाहिला, तो त्या गाण्याच्या बोलीत बसेना. शेवटी ‘सय तुझी’ आलं. दोन छोटे शब्द, मध्ये तोडले तरी अर्थ सांडत नाही.

नंतर वरच्या सुरावर ‘वेळी’तला ‘ई’ आला. गायिका म्हणाली, “ताई, इथे आकार द्या ना, वर गेल्यावर ई-वर आवाज चिमटतो.” मग ओळ ‘सय तुझी अन् सांजवेळा’ अशी झाली आणि तोच सूर मोकळा सुटला. इतकी वर्षं मी मीटर बोटांवर मोजत होते. गाणाऱ्याचा श्वास कुठे पडतो आणि तोंड कुठे उघडतं याचा विचार तिथून पुढे करायला लागले. आता नवं गीत लिहून झालं की चालीवर दहा वेळा स्वतः मोठ्याने म्हणते आणि शब्द जिथे तुटतो तिथे पेन्सिलने रेघ मारते.

अशा खोलीतून उठण्याआधी स्प्लिट शीट भरा. हे एक साधं पान असतं: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, काम (शब्द, चाल), रचनेतला टक्का, संस्था, आयपीआय क्रमांक, सह्या. टक्क्यांची बेरीज शंभर. गायकाने ओळ सुचवली असेल तर त्याचा वाटा आहे की नाही, हेही तेव्हाच बोला. आपल्याला पैशाचं बोलायला संकोच वाटतो, विशेषतः समोर वयाने मोठे ‘सर’ किंवा ‘दादा’ असले की. मी असं म्हणते: “दादा, गाणं छान झालंय, कागद आत्ताच करून टाकू म्हणजे पुढे आपल्यात कधी विषयच नको.” आजवर कुणी रागावलं नाही.

६. माणसांशी बोलताना

ओळख दोन वाक्यांत करा: कोण, कोणत्या भाषेत-बाजाचं लिहिता, अलीकडचं एक काम. मग समोरच्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. चहाच्या रांगेत वही उघडून कविता वाचून दाखवू नका. त्यांनी “ऐकवा” म्हटलं तरच इअरफोन पुढे करा, आणि मुखडा पहिल्या तीस सेकंदांत येईल असं गाणं निवडा.

फक्त व्यासपीठावरच्या लोकांच्या मागे धावू नका. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी ओळखी शेजारच्या खुर्चीवरच्या निघाल्या: कोल्हापूरचा एक अरेंजर (गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारा), पणजीहून आलेली एक कोंकणी गीतकार. तिच्याबरोबर अजून आठवड्याला फोन होतो, कोण काय मानधन देतं ते आम्ही एकमेकींना मोकळेपणाने सांगतो.

अप्रकाशित गीत अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅप करण्याआधी तारखेचा पुरावा तयार ठेवा. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर पुरावा लागतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथे गीत ऑनलाइन नोंदवता येतं. कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृती म्हणून अर्ज करता येतो, त्याला वेळ जास्त लागतो.

आणि परिषदेत कुणी करार पुढे केला तर तिथे सही करू नका. “घरी वाचून चार दिवसांत कळवते,” एवढं पुरे. खरंच काम करायचं असेल तो चार दिवस थांबतो.

७. परत आल्यावर, आठवडा उलटायच्या आत

पहिल्या रात्री कार्डं घेऊन बसा आणि प्रत्येकाच्या मागे लिहा: कुठे भेटलो, काय बोललो, मी काय पाठवणार होते. तीन दिवसांत त्यांना छोटा निरोप पाठवा, त्यात एकच लिंक.

मग आयपीआरएसचं सभासदत्व, अजून नसेल तर. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, फोटो आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा तपशील जवळ ठेवा. तुमचा तक्ता इथे कामाला येतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहून मराठी गाणी लिहिणाऱ्यांपैकी कुणी आधीच तिथल्या संस्थेचे सभासद असतील, तर इथे पुन्हा नाव घालण्याआधी त्या संस्थेला विचारा. या संस्थांचे आपसांत करार असतात, आणि एकाच हक्कासाठी दोन नोंदी झाल्या की पैसे अडकतात.

सभासद झालात म्हणजे गाणी आपोआप तुमच्या नावावर चढली असं मात्र नाही. मी इथेच फसले. सभासद झाले, सहा महिने वाट पाहिली, काही आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की प्रत्येक गाण्याची नोंद वेगळी करायची असते, संगीतकाराचं नाव आणि वाटे लिहून. मग जुन्या संगीतकारांना एकेक फोन लावत बसले. दोघांचे नंबर बदलले होते, एक दुबईला गेला होता. आठपैकी सहा गाण्यांची नोंद झाली. उरलेल्या दोन ‘तोंडी’ गाण्यांपैकी एकाचा संगीतकार मागच्या महिन्यात सापडला, स्प्लिट शीट त्याला पाठवली आहे.